केबल बसली, पण चित्र येईना: मॉनिटरच्या पोर्टपासून वजनकाट्याच्या वायरीपर्यंत

कोथरूडला राहणाऱ्या भाचीने नवा मॉनिटर घेतला. सोबतची केबल खोक्यातच राहिली आणि तिने हाताशी होती ती मोबाइल चार्जरची टाइप-सी वायर लावली. दोन्हीकडे वायर टचकन बसली, लॅपटॉप चार्ज व्हायला लागला, स्क्रीन मात्र काळीठिक्कर. "मामा, दुकानदाराने खराब पीस दिलाय. बदलून आणू का?" मी म्हटलं, आधी खोक्यातली वायर काढून लाव. दोन मिनिटांत चित्र आलं.

मॉनिटर, लॅपटॉप आणि ती पहिली वायर, तिन्ही धडधाकट होते. वायर फक्त चार्जिंगसाठी बनलेली होती. टाइप-सीच्या पोर्टमध्ये २४ पिना असतात, पण चार्जिंगच्या बऱ्याच वायरींत चित्र नेणाऱ्या वेगवान तारांच्या जोड्या घातलेल्याच नसतात. नातेवाइकांचे आणि ओळखीच्या दुकानदारांचे असे फोन मी बरीच वर्षं घेतोय. घोळ बहुतेक वेळा इथेच असतो: तोंड जुळलं की सगळं जुळलं असं आपण धरून चालतो. पोर्टचा आकार कोणता, त्यातून काय वाहतं आणि कुठून कुठे वाहतं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पुढचं सगळं या तिघांभोवतीच फिरतं.

पहिली पायरी: फोटो काढा, मगच तपकीर गल्ली गाठा

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत काउंटरवर उभं राहून "ते निळं असतं ना, ते द्या" असं सांगणारी माणसं मी पाहिली आहेत. कधीकाळी त्यांत मीही होतो. सीपीयूचा डबा फिरवा, मोबाइलची बॅटरी लावा आणि मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो काढा. मॉनिटरच्या मागचाही काढा. दोन्ही फोटो हवेत, एकावर भागत नाही. जुनी वायर असेल तर तिच्या दोन्ही टोकांचाही घ्या. पिना बाहेर आलेलं टोक मेल, भोकं असलेलं फिमेल. दुकानात हेच शब्द चालतात.

डेस्कटॉपच्या मागे मॉनिटरची वायर लावायला दोन जागा असू शकतात. वरच्या भागात यूएसबीच्या शेजारी असलेले पोर्ट मदरबोर्डचे. खाली आडव्या पट्टीत असतील ते ग्राफिक्स कार्डचे. कार्ड बसवलेलं असेल तर वायर कार्डातच लावायची. महागडं कार्ड घेऊन मॉनिटर मदरबोर्डला जोडलेला आणि "गेम अडकतोय" अशी तक्रार, हे मी दोनदा पाहिलंय. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस एफ असतो त्यात ग्राफिक्स नसतंच. तिथे मदरबोर्डच्या पोर्टमधून चित्र येण्याचा प्रश्नच नाही.

दुसरी पायरी: समोर काय आहे ते ओळखा

निळा, दोन बाजूंना स्क्रू, तीन ओळींत १५ पिना: हा व्हीजीए. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर आणला. कीबोर्ड-माउसची गोल पिन त्याच घराण्यातली, म्हणून तिला आजही पीएस/२ म्हणतात. ती गोल पिन संगणक चालू असताना काढू-घालू नका. व्हीजीए ॲनालॉग आहे, म्हणजे चित्र आकड्यांत नाही, विजेच्या चढउतारात जातं; वायर लांब किंवा हलकी असेल तर अक्षरांना सावली पडते. यात आवाज जात नाही. पिना नाजूक असतात, वाकलेली पिन टाचणीने हळू सरळ करता येते. जोर लावलात तर तुटते.

पांढरट, रुंद, २४ पिना आणि कडेला एक चपटी पाती: हा डीव्हीआय. पातीभोवतीच्या चार पिना नीट बघा. त्या असतील तर यातून ॲनालॉग सिग्नलही मिळतो आणि साध्या जोडणीने व्हीजीए निघतो. नसतील तर तो डीव्हीआय-डी, निव्वळ डिजिटल. त्याला तीस-चाळीस रुपयांची व्हीजीएची टोपी लावून काहीही होणार नाही. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी या टोप्या ढिगाने मिळतात, म्हणून सांगून ठेवतो.

एचडीएमआय सगळ्यांना माहीत आहे. १९ पिना, चित्र आणि आवाज एकत्र. दुकानात "दोन पॉइंट शून्य द्या की दोन पॉइंट एक द्या" या वादात पडू नका, कारण तो आकडा पोर्टचा असतो. केबलसाठी तिचा वर्ग विचारा. ४के, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांचं, चित्र ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा ताजं होणारं, हवं तर प्रीमियम हाय स्पीड, त्यापुढे १२० हर्ट्झसाठी अल्ट्रा हाय स्पीड. अल्ट्राच्या खोक्यावर मोबाइलने स्कॅन करता येणारं प्रमाणपत्राचं लेबल असतं. नसेल तर खोक्यावरचे सोनेरी शब्द सोडून द्या. आणि दोन्ही टोकांचे पोर्टही त्या वेगाचे हवेत. एचडीएमआय १.४ चा जुना लॅपटॉप ४के मॉनिटरला ३० हर्ट्झच देतो. चित्र सुरेख दिसतं, पण माउसचा बाण ओल्या चिखलातून चालल्यासारखा सरकतो. लोक माउस बदलतात.

डिस्प्लेपोर्ट एचडीएमआयसारखाच दिसतो, पण एकच कोपरा कापलेला असतो. पिना २०. व्हेसा या संस्थेने २००६ मध्ये आणला. याच्या बऱ्याच केबलींना वरून दाबायची कळ असते. ती न दाबता ओढाल तर पोर्टच सैल होतो. स्वस्तातली केबल घेऊ नका, असं मी सहसा म्हणत नाही, पण इथे म्हणतो. काही हलक्या केबलींत विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते, ती नियमाने जोडायची नसते. तिच्यातून मॉनिटरची वीज उलटी संगणकात शिरते आणि मग संगणक बंद करूनही नीट बंद होत नाही, किंवा सुरू होताना अडकतो. अशा वेळी मॉनिटरवर शंका घेणारे कुणी मला भेटलेले नाहीत.

राहिला टाइप-सी. पोर्टशेजारी बारीक चिन्ह असतं. विजेच्या बाणाचं चिन्ह म्हणजे थंडरबोल्ट, तिथे चित्र मिळतं. डीपी (डिस्प्लेपोर्ट) अशी अक्षरं गुंफलेलं चिन्ह असेल तरी मिळतं. नुसतं यूएसबीचं त्रिशूळ असेल किंवा काहीच नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती कंपनीच्या साइटवर बघा आणि "डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड" हे शब्द शोधा. ते नसतील तर कुठलीही केबल किंवा साधा हब (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) चित्र देणार नाही. मग डिस्प्लेलिंकसारखी चिप असलेला डॉक, म्हणजे तसाच मोठा हब, हाच मार्ग. तो चित्र दाबून यूएसबीमधून पाठवतो, त्यासाठी ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) टाकावा लागतो. ऑफिसकामाला चालतो, व्हिडिओ एडिटिंगला नाही.

ॲपलवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. साध्या एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात. एका डिस्प्लेपोर्टातून दोन मॉनिटर फोडणारे डॉक विंडोजवर दोन वेगळी चित्रं देतात; मॅकवर दोन्हीकडे एकच चित्र येतं. हिंजवडीत कंपनीकडून मिळालेला डॉक घरच्या मॅकला लावणाऱ्यांनी डोकं आपटू नये.

तिसरी पायरी: दिशा

कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतो. "डीपी टू एचडीएमआय" म्हणजे संगणकाकडे डीपी आणि मॉनिटरकडे एचडीएमआय. उलटं लावलंत तर काळोख. बहुतेक संगणकांचा डिस्प्लेपोर्ट गरज पडली तर एचडीएमआयची भाषाही बोलतो, पोर्टशेजारी डीपीपुढे दोन अधिक चिन्हं असतात, म्हणून या दिशेचा साधा कन्व्हर्टर स्वस्त मिळतो. एचडीएमआयला डिस्प्लेपोर्ट मॉनिटरची भाषा येत नाही. त्यामुळे उलट दिशेला आत चिप असलेला आणि बहुधा यूएसबीतून वीज घेणारा कन्व्हर्टरच लागतो.

एचडीएमआय टू व्हीजीए हा आपल्याकडे खूप खपणारा. त्यातली चिप एचडीएमआयच्याच ५ व्होल्टवर चालते आणि नियमाप्रमाणे संगणकाने तिथे किमान ५५ मिलिअँपिअर दिले म्हणजे झालं. तेवढ्यात काही चिपांचं भागत नाही, चित्र येतं-जातं. कन्व्हर्टरला वीज द्यायला बाजूला छोटा पोर्ट आहे ना, ते घेताना बघा. आवाजासाठी हेडफोनचं ३.५ मिलिमीटरचं भोक असलेलाच घ्या, नाहीतर पुन्हा चक्कर.

चौथी पायरी: लांबी

घरात दीड-दोन मीटरला लांबीची चिंता नसते. ४के साठी साधी तांब्याची एचडीएमआय पाच मीटरच्या आत ठेवा. त्यापुढे दोन पर्याय: नेटवर्कच्या कॅट-६ वायरीवरून चित्र नेणारा एक्स्टेंडर, किंवा ऑप्टिकल एचडीएमआय. एक्स्टेंडरची वायर नेटवर्कची असली तरी ती स्विचमध्ये किंवा राउटरमध्ये घालायची नाही, या डबीतून थेट त्या डबीत जायची. परत तेच, तोंड सारखं, आत वाहतं ते वेगळं.

ऑप्टिकल केबलचा धडा मी आमच्या मंडळाच्या मांडवात घेतला. देखाव्याच्या प्रोजेक्टरसाठी तीस मीटरची केबल आणली, चौघांनी मिळून रात्री दीड वाजेपर्यंत बांबूंना बांधली, पडद्यांमागून फिरवली. लावली, तर "नो सिग्नल". ऑप्टिकल केबलला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. आमचं डिस्प्लेचं टोक लॅपटॉपपाशी होतं. सगळी सोडून पुन्हा बांधली. त्या वेळी कार्यकर्ते मला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. बांधण्याआधी केबल जमिनीवर गुंडाळीतच दोन्हीकडे जोडून चित्र बघा, मग शिडी मागवा.

पाचवी पायरी: जोडताना

पेठांतल्या जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेच्या मागे अर्थिंगची तार कधी कधी नसतेच. सीपीयूच्या पत्र्याला बोट लावलं की झिणझिण्या येतात ना, ते त्यामुळे. अशा घरात संगणक एका बोर्डावर आणि टीव्ही दुसऱ्या बोर्डावर चालू ठेवून एचडीएमआय खुपसली तर पोर्ट जळू शकतो, विशेषतः टीव्हीला केबलवाल्याची वायर असेल तर. म्हणून दोन्ही उपकरणं बंद करा, प्लगही बाहेर काढा, केबल जोडा, मग दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. आधी मॉनिटर सुरू करून त्यावर योग्य इनपुट निवडा, नंतर संगणक. पण खरा इलाज वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेणं हाच.

चित्र आल्यावर काम संपत नाही. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून चित्र दोन्हीकडे तेच हवं की वाढीव जागा हवी ते ठरवा. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड भागात जाऊन हर्ट्झ तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर वापरणारे कमी नाहीत. मॉनिटर आपली माहिती वायरीतूनच संगणकाला कळवतो. ती तार तुटली की संगणक अंदाजाने कमी रिझोल्यूशन देतो आणि सगळं फुगलेलं दिसतं. म्हणून फुगलेलं चित्र दिसलं की ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी दुसरी केबल लावून बघा.

दुकान-ऑफिसातल्या खास वस्तू

मॉनिटरचं एक बरं असतं, चित्र दिसलं नाही तर लगेच कळतं. वजनकाट्याचं तसं नाही. मार्केट यार्डातल्या भुसार विभागात एका गाळ्यावर काट्याचं वजन बिलात आपोआप येत होतं. संगणक बदलला आणि बंद पडलं. काट्याला नऊ पिनांची सिरीयल वायर, नव्या संगणकाला तो पोर्टच नाही. नऊ पिनांचं हे टोक व्हीजीएच्याच मापाचं दिसतं, पण इथे दोन ओळी आणि संगणकाकडे मेल, व्हीजीएला तीन ओळी आणि संगणकाकडे फिमेल. यूएसबी टू सिरीयल कन्व्हर्टर आणला. तो चालतोय की नाही हे काट्याला हात न लावता असं तपासता येतं:

१. कन्व्हर्टर लावून डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्सखाली कॉम नंबर (त्या पोर्टला विंडोजने दिलेला क्रमांक) बघा. पिवळं चिन्ह दिसलं तर ड्रायव्हरचा प्रश्न. प्रोलिफिकच्या नकली चिपांना कंपनीचा नवा ड्रायव्हर मुद्दाम नाकारतो, त्यापेक्षा एफटीडीआय चिपचा घ्या.

२. काटा न जोडता कन्व्हर्टरच्या पिना २ आणि ३ एका बारीक तारेने जोडा. पिनांशेजारी आकडे कोरलेले असतात, भिंग लागेल.

३. पुटी हा फुकट प्रोग्राम उघडा, सिरीयल निवडा, कॉम नंबर टाका, वेग ९६००. काही अक्षरं टाइप करा. ती स्क्रीनवर उमटली पाहिजेत. तार काढली की उमटणं थांबलं पाहिजे.

४. आता काटा जोडा. काहीच येत नसेल तर २ आणि ३ या तारा उलट करणारी क्रॉस केबल लावून बघा, कारण एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानाशी जायला हवं. अगम्य चिन्हं येत असतील तर वायर बरोबर आहे, वेग चुकलाय. काट्याच्या पुस्तिकेतला वेग टाका.

त्या गाळ्यावर क्रॉस केबलने काम झालं. जाता जाता कन्व्हर्टर ज्या यूएसबीत आहे तिथेच राहू द्या असं सांगून आलो, कारण पोर्ट बदलला की कॉम नंबर बदलू शकतो आणि बिलाचा प्रोग्राम जुन्याच नंबरवर वाट बघत बसतो. इंजिनिअरिंगच्या मुलांना एक सांगणं: या वायरीत उणे-अधिक १५ व्होल्टपर्यंत जातात. ती थेट आर्डुइनोच्या पिनांना लावू नका, मध्ये मॅक्स२३२ सारखी चिप घाला.

बिलाचे थर्मल प्रिंटर ५८ किंवा ८० मिलिमीटर रुंद कागदाचे. यांत बहुधा देवनागरी अक्षरं भरलेली नसतात, त्यामुळे मजकूर थेट पाठवला की प्रश्नचिन्हं छापली जातात. विंडोजच्या ड्रायव्हरमधून चित्र म्हणून छापा, "साबुदाणा" नीट येतो. प्रिंटरमागे टेलिफोनसारखं भोक असतं, ते गल्ल्यासाठी. बिल छापताच प्रिंटर तिथून बहुधा २४ व्होल्टचा झटका देतो आणि ड्रॉवर उघडतो. फोनची वायर त्यात घालू नका.

बारकोड स्कॅनर म्हणजे संगणकाच्या लेखी एक कीबोर्डच. तो वाचलेली अक्षरं भराभर टाइप करतो. म्हणूनच विंडोजमध्ये कीबोर्ड मराठीवर असेल तर बारकोडमधली इंग्रजी अक्षरं देवनागरीत कोसळतात. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डच्या मांडणीत केच्या कळीवर क आणि जेच्या कळीवर र आहे, तेच उमटणार. स्कॅनर परत करायच्या आधी भाषा इंग्रजी करून बघा. (देवनागरी संगणकात आणणारं जिस्ट कार्डचं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि सी-डॅक या सरकारी संस्थेने इथे पुण्यात ते पुढे नेलं. तेव्हा आपली लिपी दिसण्यासाठी संगणकात वेगळं कार्ड खोचावं लागे. स्कॅनरने केलेला गोंधळ बघताना मला तेवढंच समाधान असतं.)

डिजिटल सहीचं टोकन पेनड्राइव्हसारखं दिसतं, पण त्यात फाइल दिसणार नाही. त्याचा ड्रायव्हर आधी टाका. पिन ठरावीक वेळा चुकली की टोकन लॉक होतं आणि ते पुसून सुरू केलं तर आतली सहीही जाते, नवी काढावी लागते. अंदाजाने पिन मारू नका. आधारच्या थंब मशीनला ड्रायव्हरबरोबर आरडी सर्व्हिस हा वेगळा प्रोग्रामही लागतो आणि मशीनची नोंदणी चालू असावी लागते. नवं घेताना एल-१ वर्गाचंच (ठसा मशीनच्या आतच कुलूपबंद करणारं) घ्या. ही दोन्ही हबमध्ये न लावता थेट संगणकात लावलेली बरी.

चित्रकारांच्या पेन डिस्प्लेला दोन कामं असतात: चित्र दाखवायचं आणि पेनची जागा कळवायची. म्हणून एचडीएमआयबरोबर यूएसबीही जोडावी लागते. एकच टाइप-सी वापरायची असेल तर भाचीच्या वायरीचा नियम इथेही लागू. पेन इथे टेकवलं आणि बाण लॅपटॉपवर हलतोय असं झालं तर ड्रायव्हरमध्ये जाऊन पेन कोणत्या स्क्रीनसाठी आहे ते निवडा.

शेवटचं उपकरण ब्रेल डिस्प्ले. ऑर्बिट रीडर २० मध्ये एका ओळीत वीस ब्रेल अक्षरं उमटतात, यूएसबीने किंवा ब्लूटूथने जोडता येतो. एनव्हीडीए या फुकट स्क्रीन रीडरची कळ धरून कंट्रोल आणि ए दाबलं की डिस्प्ले निवडायची खिडकी येते. ब्रेलचा तक्ता मराठीचा ठेवा. ओळखीच्या एका दृष्टिहीन प्राध्यापकांकडे मी हे लावायला गेलो तेव्हा त्यांच्या संगणकाची स्क्रीन काळी होती. मी मुकाट्याने केबल बदलली, मग दुसरी बदलली, मॉनिटरचं इनपुट फिरवलं. सर शांतपणे ब्रेलच्या ओळीवर बोटं फिरवत मेल वाचत होते. शेवटी विचारलं तेव्हा म्हणाले, "अहो, पडदा टाकलाय मी." एनव्हीडीएमध्ये तशी सोय आहे, मागून कुणी वाचू नये म्हणून स्क्रीन मुद्दाम काळी ठेवता येते. त्या दिवसापासून काळी स्क्रीन दिसली की मी आधी संगणक बंद-चालू करून सुरुवातीला कंपनीचं चिन्ह उमटतंय का ते बघतो. उमटलं तर वायर ठीक आहे.